दुसऱ्याचा बिल्ला

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायचं म्हणून कागद आणले त्याला आज अकरा दिवस झाले. त्यातल्या एकावर चहाचा कप ठेवला, एकाची होडी केली, एकावर भिंतीवरच्या पालीचं चित्र काढलं. चित्र बरं जमलं, शेपटी जरा लांब झाली. पत्र मात्र 'प्रिय ताई'च्या पुढे सरकत नव्हतं. रोज वाटायचं, उद्या लिहू. तू म्हणशील, याचं नेहमीचंच. म्हण. तुझी भुवई अजून थंडीत ठणकते का? आईचे गुडघे, दाजींचं दुकान, सगळं सविस्तर कळव असं लिहिणार होतो, पण कुठल्या पत्त्यावर, ते मलाच आज चारनंतर कळेल. आज चार वाजता इथे दोन गोष्टी आहेत. एक बस सुटते आणि एक सभा भरते. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आता पावणेतीन वाजलेत.

या गावात मी दोन दिवसांसाठी उतरलो होतो. ट्रकवाल्याशी भांडण झालं, त्याने वाटेत सोडलं, समोर समुद्र होता, म्हणून थांबलो. आठ महिने झाले. माझ्या पायाला भिंगरी आहे हे इथल्यांनीही आठवड्यात ओळखलं आणि नावच भिंगरी पाडलं. दीडशे उंबरे, एक सभागृह, बाकी सगळं पाणी. वरून कोणी काही करायला येत नाही, म्हणून गाव स्वतःच करतं. रस्ता झाडायच्या पाळ्या, धक्क्याची डागडुजी, आजाऱ्याला गाडीने न्यायची यादी, सगळं सभेत हात वर करून ठरतं. सभेचा अध्यक्ष गावचा शिंपी. गळ्यात टेप घालूनच खुर्चीत बसतो आणि कोणी तावातावाने बोलायला लागलं की "हे इतिवृत्तात घेऊ नका" एवढंच म्हणतो. मी आल्यावर महिनाभरातच मला झाडूची पाळी मिळाली. हसू नकोस, पण मला कधी कोणी यादीत घेतलं नव्हतं गं. शाळेतसुद्धा माझं नाव हजेरीत कमी आणि फळ्याच्या कोपऱ्यात जास्त असायचं.

फळ्यावरून आठवलं. खरं तर फळ्याचंच सांगायचं आहे.

इथे बुडणाऱ्यांना वाचवायची एक होडी आहे. ती चालवणारे पगारी नाहीत; सुतार, शिंपी, पाववाला, जो हाताशी असेल तो. होडीघराची किल्ली, भोंगा आणि फळा मावशीकडे. सगळ्या गावाची ती मावशीच. साठीची, काटकुळी, जीभ कात्रीसारखी. तिच्या नवऱ्याला समुद्रानेच नेलं, तेव्हापासून तिने होडीघर सोडलेलं नाही. फळ्यावर खिळ्यांच्या दोन ओळी आहेत, वरची लाल, खालची पांढरी. लाल म्हणजे पाण्यात, पांढरी म्हणजे काठावर. प्रत्येकाचा पत्र्याचा एक बिल्ला, त्यावर नाव नाही, चित्र. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, पाववाल्याचा पाव. माझ्यावर भिंगरी काढली, तीही मावशीने स्वतः. निघताना आपला बिल्ला लाल ओळीत लावायचा, परतल्यावर पांढऱ्या. होडीत डोकी मोजायची नाहीत. वादळात माणूस मोजताना चुकतो, दोनदा एकालाच मोजतो. मोजायचं काम फळ्याचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बायकोने नवऱ्याच्याही नाही. मी माझ्या बिल्ल्याची दोरी खिळ्याला दोन वेढे देऊन लावायचो, भोवऱ्याला जाळी गुंडाळायची लहानपणची सवय. मावशी म्हणायची, "बिल्ला लावतोयस की भूत बांधतोयस?" बाकी सगळे नुसते अडकवतात.

पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी भोंगा झाला. मालाची एक बोट खडकांवर चढली होती आणि लाटा तिला दगडावर धुणं आपटावं तशा आपटत होत्या. आम्ही सात जण गेलो. ताई, पाण्याला असा राग येतो हे मला माहीत नव्हतं. सुकाणूवर सुतार होता. पहिल्याच तडाख्यात दांडा त्याच्या नाकावर बसला आणि नाक गालावर गेलं. रक्त पुसत पुसत त्याने होडी धरून ठेवली. पाववाला आणि मी खडकावर उतरून दोर ओढत होतो. एक खलाशी त्यांची बोट आणि आमची होडी यांच्या मध्ये सापडला, त्याचा पाय गुडघ्याखाली उलटा वळला आणि तो ओरडलाही नाही, नुसता पायाकडे बघत राहिला. दोन फेऱ्यांत अकरा माणसं काठाला आणली. शेवटच्या फेरीत होडीत पाय ठेवायला जागा नव्हती, फेसाने समोरचं दिसत नव्हतं. मी माणसांवर पडलो तसाच पडून राहिलो.

होडीघरात आलो तेव्हा दात वाजत होते. मी माझा बिल्ला खाली लावला. मागे वळून पाहिलं तर चहाच्या पातेल्याजवळ पाववाल्याचा पिवळा रेनकोट, पाठमोरा, थरथरत होता. दोराने त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती हे मी खडकावर पाहिलं होतं. वाटलं, या हातांनी तो काय बिल्ला लावणार. एवढ्याशा गोष्टीसाठी त्याला कशाला उठवा. मी त्याचा बिल्ला वरून काढला आणि खाली लावला. चांगल्या मनाने लावला, ताई. एवढं तरी खरं आहे. मावशीने दारातून पाहिलं, लाल ओळ रिकामी. तिने तीनदा भोंगा दिला, म्हणजे सगळे आले. जखमींना गाडीत घातलं, बाकीच्यांना घरी पिटाळलं, कुलूप लावलं.

रेनकोटात खलाशी होता. पाववाल्याने खडकावर स्वतःचा कोट काढून त्याला दिला होता.

पाववाला एकटाच राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला पावाचा वास आला नाही, तेव्हा लोकांना कळलं. ओहोटीला तो सापडला, खडकाच्या कपारीत, भरतीच्या रेषेच्या हातभर खाली. दोर कमरेला बांधून घेतला होता. दहापैकी सहा बोटांना नखं नव्हती. खडकावर त्या नखांचे ओरखडे होते, एकावर एक, वर वर चढत गेलेले. सुताराने त्याचे डोळे मिटले आणि मग वाळूत बसून स्वतःच्या फुटलेल्या नाकावर मुठी मारत राहिला. भरती चढायला पुरा एक तास होता, ताई. लाल ओळीत एक बिल्ला असता तर होडी परत गेली असती.

पोलीस आले, लिहून घेतलं, अपघात म्हणून गेले. गावाला तेवढं पुरेना. गेल्या रविवारी दुपारी सभा भरली. पाववाल्याचा भाऊ बर्फाची गाडी चालवतो. बैलासारखं अंग, डोळे रडून लाल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बिल्ला आपोआप चालत खाली आला का?" किल्ली मावशीकडे, फळा मावशीकडे. त्यात महिन्यापूर्वी धक्क्यावर भट्टी वाढवायच्या ठरावावरून तिचं आणि पाववाल्याचं भर सभेत वाजलं होतं, ती त्याला म्हणाली होती, "समुद्रात बुडव तुझी भट्टी." गावाने ते वाक्य जपून ठेवलं होतं. मावशी एवढंच म्हणाली, "मी पाहिलं तेव्हा बिल्ला खाली होता. मी लावला नाही." "मग कोणी लावला?" तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती थांबली असं मला वाटलं. मी भिंतीवरची 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत होतो. सहा अक्षरं मी बहुतेक चाळीस वेळा वाचली.

मग खुर्च्या उडाल्या. शिंपी टेबलावर मूठ आपटत "इतिवृत्तात घेऊ नका, इतिवृत्तात घेऊ नका" म्हणत होता आणि एक खुर्ची त्याच्याच खांद्यावर बसली. भावाने मावशीला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. ज्या बायका तिच्याकडून रोज लोणी नेतात त्यांतल्या एकीने तिच्या पाठीत लाथ घातली. तिने उठायला हात टेकला तर भावाने त्या मनगटावर बूट ठेवला आणि सगळं वजन टाकलं. ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. सुतार मध्ये पडला तर त्याचं नाक पुन्हा फोडलं. मावशी कशीबशी होडीघरापर्यंत पळाली, दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि दगड सुरू झाले. कोणीतरी मागच्या बाजूने रॉकेल ओतलं. होडी, वल्ही, जाकिटं, सगळं धडाडून पेटलं. म्हणजे बघ, उद्या कोणी बुडालं तर त्यालाही आम्हीच बुडवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं; फक्त या वेळी चोर गर्दीतच उभा होता.

शेजारचा एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "काय रे भिंगरी, तुझे हात बांधलेत काय?" आणि मी वाकलो. ताई, मी दगड उचलला. नेम धरला नाही असं मी स्वतःला सांगत होतो, पण तुला माहीत आहे, लहानपणी माझा नेम कधी चुकायचा नाही. तो तिच्या कानाला लागला. रक्त मानेवरून ओघळलं. तिने कानाला हात लावला नाही, मोडलेला हात पोटाशी धरून माझ्याकडे पाहत राहिली.

आगीच्या झळांनी गर्दी मागे हटली तेव्हा सुताराने तिला तिथून नेलं. त्यानंतर पाच दिवसांत मी तीनदा पिशवी भरली. आजच्या सभेत ठराव आहे, मावशीला गावाबाहेर काढायचं. भावाने सांगून ठेवलंय की ठराव पडला तर तो स्वतः काढेल, पण मग ती पायांवर चालत जाणार नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे सभेला स्वच्छ कपडे घालून जाणार आहेत.

आता सायकलचं सांगतो. अप्पांची सायकल. तुला वाटत असेल मी विसरलो. मी नऊ वर्षांचा होतो, न विचारता नेली आणि उतारावरून सरळ भिंतीत घातली. पुढचं चाक जिलेबी झालं होतं. मी खाटेखाली शिरलो. अप्पांनी विचारलं, "कोणी नेली?" आणि तू म्हणालीस, "मी." खाटेखालून मला तुझे फक्त पाय दिसत होते, आणि पट्ट्याचं हलणारं टोक. प्रत्येक फटक्याला तुझ्या पायाची बोटं आत वळायची. मग बकल कुठेतरी लागलं आणि फरशीवर थेंब पडायला लागले. मी ते मोजले. अठरा झाले. बाहेर यायला मला दोन पावलं पुरली असती. तू नंतर कधी काही बोलली नाहीस, तुझ्या भुवईला चार टाके पडले, मला तू त्या दिवशीसुद्धा स्वतःच्या ताटातलं वाढलंस. मी घर सोडलं ते अप्पांच्या रागामुळे असं सगळे समजतात. मी तुझ्या भुवईकडे बघू शकत नव्हतो म्हणून सोडलं. तेव्हापासून प्रत्येक गावात माझी एक खाट असते आणि मी तिच्याखाली असतो. कोणीतरी माझा मार खातं आणि मी थेंब मोजतो. हे पत्र एवढ्याचसाठी, की सायकल मी नेली होती, हे मी तुला एकदा तोंडाने, म्हणजे हाताने का होईना, सांगावं. ते जमलं तर सभेतलं जमेल असं वाटलं. न जमलं तर बस आहेच. सवा तीन झालेत आणि मी अजून

ताई, दार वाजलं. मला वाटलं भाऊ. दारात मावशी आहे. हात गळ्यात बांधलेला, कानाला पट्टी, एकटी. भर रस्त्याने चालत आली. पिशवी ओलांडून आत आली, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि टेबलावर या कागदाशेजारी एक बिल्ला ठेवला. पाववाल्याचा, राखेतून उचललेला. पत्रा काळा पडलाय, दोरी करपलीय, पण दोन वेढ्यांचा पीळ तसाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर पाहिला तेव्हाच तिला कळलं होतं. मी विचारलं, मग सभेत का नाही बोललीस? म्हणाली, "दुसऱ्याच्या बिल्ल्याला मी हात लावत नाही." आता खाटेवर बसलीय, माझ्या उरलेल्या चहाकडे बघतेय, आणि म्हणतेय, "आटप लवकर, वाचायला बहीण आहे, न्यायाधीश नाही." टपालपेटी सभागृहाच्या भिंतीला आहे. बसथांबा बरोबर उलट्या दिशेला. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलं, तर मी कुठल्या बाजूने गेलो ते तुला कळेल.

तुझाच,
सायकलवाला