खोड नसलेल्या वडाखाली

कलकत्ता, १७ जानेवारी १९५४

अहो,

गेल्या वटपौर्णिमेपासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची क्षमा असावी. रोजनिशीत शाळा आली, सर्दी-पडसं आलं, दुधात पाणी घालणारा गवळी आला. तुमच्यासाठी ठेवलेली पानं मात्र कोरीच राहिली. का, ते पुढं सांगते.

आज लिहायला बसले, कारण आज मी वडाला जाऊन आले. एकटी नव्हते. तुमचे नारायणभाऊजी चार दिवसांपासून इथं आहेत. मला नागपूरला न्यायला आलेत, आणि येतानाच परतीची दोन तिकिटं घेऊन आलेत. उद्या संध्याकाळची गाडी आहे. तुमचे धाकटे बंधू शोभतात खरे! विचारायचं ते नंतर, ठरवायचं ते आधी.

पहिल्याच चहाला ते म्हणाले, "दादा गेला, वहिनी. आता इथं तुमचं काय आहे?"

आवाजात माया होती, म्हणून जास्त लागलं. काय आहे इथं? बालीगंजची एक खोली, मुलींच्या शाळेतले गणिताचे तास, आणि तुम्ही नसणं. नागपूरला भरलेलं घर आहे, जाऊबाई आहेत, अंगणात तुळस आहे. मी कागदावर मांडून पाहिलं असतं, तर उत्तर सरळ नागपूर आलं असतं. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या बाईला एवढं तरी कळतं. तरी तोंडातून 'हो' निघेना. म्हणून म्हटलं, आलाच आहात तर कलकत्ता दाखवते.

आणि दाखवलं काय? देऊळ नाही, अजबघर नाही. बागा दाखवल्या. तुम्ही मला ज्या दाखवल्यात त्या, त्याच क्रमानं.

पहिल्या दिवशी मैदान. आठवतं, बदलीवर आलो त्या पहिल्या रविवारी तुम्ही मला ट्रॅममधून तिथं उतरवलंत? सकाळचं धुकं वितळत होतं, ऊन खालच्या गवतातूनच वर येतंय असं वाटत होतं, आणि त्या अफाट हिरव्यात दूरवर कुणाच्या तरी शेळ्या ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. एवढ्या मोठ्या शहरानं मधोमध एवढी जागा काहीही न बांधता ठेवली, हे मला त्या दिवशी खरंच वाटेना. अजूनही नीट खरं वाटत नाही. भाऊजींनाही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, हे सगळं कुणाचं? मी म्हटलं, कुणाचंच नाही. 

मग त्यांनी संत्री घेतली. एक सोललं, हुंगलं आणि शेजारी ऊन खात बसलेल्या बंगाली आजोबांना हिंदीत ऐकवलं, "हे आमच्या नागपूरच्या संत्र्याच्या पायाशी तरी उभं राहील का?" आजोबांनी शांतपणे विचारलं, मग तिसरं कशाला सोलताय? भाऊजी हसले आणि तिसरं त्यांनाच दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ढाकुरियाचं तळं, इथं सगळे ज्याला 'लेक' म्हणतात ते. तिथली ती दोन शिरीषाची झाडं, वर जाऊन एकमेकांत मिसळलेली, त्यांच्याखालून जाताना तुम्ही नेहमी टोपी काढायचात. मी तुम्हाला त्यावरून चिडवायची. परवा त्यांच्याखालून जाताना माझाच पदर मी नकळत सारखा केला. पाण्यावर उतरतं ऊन होतं, कडेच्या गवतावर पोरं लोळत होती, आणि मला जे नेहमी वाटतं तेच वाटलं: बागेत मला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, आणि कुणी वगळतही नाही. झाडाला कपाळ दिसत नाही. हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का हो? म्हणून का दर रविवारी मला ओढून नेत होतात, माझ्या पायांखाली जमीन घालून ठेवायला? नसेल. तुम्हाला नुसती झाडं आवडत होती. मी उगाच अर्थ लावते. ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

आता वडाचं.

दीड वर्षापूर्वीची ती वटपौर्णिमा. बाजारातून वडाची फांदी आणून घरात पूजा करायची, ही आम्हां मराठी बायकांची इथली रीत. फांदी तोडायची आणि झाडाची पूजा करायची, हे तुम्हाला कधी पटलं नाही. म्हणालात, "एवढा जगातला मोठा वड नदीपलीकडे उभा आहे, चला त्यालाच." शेजारच्या दामलेवहिनी आणि मी पूजेची थाळी, आंबे, फणसाचे गरे आणि सुताचं मोठं रीळ घेऊन तुमच्याबरोबर चांदपाल घाटावरून बोटीत बसलो. शिबपूरच्या बागेत पोचलो तेव्हा उन्हानं डोळे दिपत होते.

आणि मग ते झाड! आम्ही खोड शोधत आत शिरलो. एक खांब, दुसरा खांब, सगळ्या पारंब्या. वर पाहावं तर छप्पर सगळं एकच, हिरवं. मध्यावर पोचलो तर नुसती मोकळी जागा. कीड लागली म्हणून मूळ खोड कधीच काढून टाकलं होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. बायकोला सुताचं रीळ घेऊन नदी ओलांडू दिलीत आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत! वर म्हणालात, "गुंडाळा आता कशाला गुंडाळता ते."

दामलेवहिनींनी हाताशी लागलेल्या पारंबीला सात फेरे घातले आणि मोकळ्या झाल्या. मला ते जमेना. ही पारंबी म्हणजे वड का? मग ती का नाही? एकीला गुंडाळलं तर बाकीच्यांचं काय? तुम्ही आंबे खात माझी गंमत पाहत होतात. शेवटी मी हात जोडले आणि रीळ तसंच परत आणलं. पुढच्या फाल्गुनात तुम्ही गेलात.

त्यानंतरची पहिली वटपौर्णिमा गेल्या वर्षीची. दामलेवहिनी पूजा आटोपून माझ्याकडे आल्या, जवळ बसल्या, आणि म्हणाल्या, "त्या वर्षी तुझं सूत राहिलंच ना गं." वाईट हेतूनं नाही, त्या रडतच होत्या. त्यांचे दामले ठणठणीत आहेत, रोज सकाळी तळ्याला फेऱ्या मारतात. देव करो आणि मारत राहोत. पण त्या दिवसापासून मला तुम्हाला लिहिता येईना. मी असलं काही मानत नाही. मानत नाही, असं स्वतःला किती वेळा सांगावं लागलं, हे मात्र मी पाहिलं आहे.

म्हणून आज वडाला जायचं मी टाळतच होते. भाऊजींनीच आठवण काढली. तुम्ही त्यांना पत्रात कळवलं होतंत म्हणे, कलकत्त्यात पाहायचं ते एकच.

हिवाळ्यातलं ऊन त्या झाडाखाली कसं येतं, ते तुम्ही पाहिलं नाहीत. आपण जूनमध्ये गेलो होतो. ते तिरपं येतं, खांबाखांबांतून, आणि सगळी जमीन मंद उजळते. कुणीतरी आत शिरून पणत्या ठेवून जावं तसं. नव्या पारंब्या बांबूच्या नळीत घालून जमिनीपर्यंत आणतात. अजून दोऱ्याएवढ्या बारीक आहेत त्या, आणि त्यांच्यापलीकडे पानं हलत होती. झाड अजून चालतंच आहे हो, बाहेरच्या बाजूला, पाऊल पाऊल!

मध्यावर पोचल्यावर भाऊजी थांबले. त्यांनी मी विचारलं होतं तेच विचारलं, खोड कुठंय? मी सांगितलं.

"मग हे उभं कशावर आहे?"

मी हातानं नुसतं चहूकडे दाखवलं. तेवढंच सुचलं. त्यांनी सगळीकडे पाहिलं, मग पायांतल्या वहाणा काढल्या आणि त्या मोकळ्या जागेत उभे राहिले. माझ्या पिशवीत रीळ होतं. का घेतलं होतं, माहीत नाही. ते बाहेर काढावंसं वाटलं नाही. दामलेवहिनींच्या बोलण्याचं उत्तर सापडलं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण त्या झाडाखाली तो प्रश्न फार लहान दिसत होता.

परतताना बोटीत भाऊजी घाट जवळ आल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही येत नाही आहात."

मी विचारलं, असं कशावरून?

"चार दिवस तुमच्या मागनं फिरतोय. पाय गेले माझे. तुम्ही सारख्या पुढे." मग हसले. "दादाच्या चार पावलं मागे असायच्या तुम्ही. दादा वळून हाका मारायचा."

खरं होतं ते. घरातल्या कुठल्याही पुरुषाच्या पुढे मी आयुष्यात चालले नव्हते. आणि मला कळलंही नाही की मी चालते आहे! मला रस्ता ठाऊक होता, एवढंच.

तुमच्या भावाला राग आला नाही. थोडं वाईट वाटलं असावं. आता बाजेवर पडून पायांना तेल चोळत आहेत आणि अधूनमधून कण्हून मला ऐकवत आहेत. खिडकीत अजून ऊन आहे.

तुमची बराकपूरची नदीकाठची बाग दाखवायची राहिली. प्रत्येक हिवाळ्यात पुढच्या हिवाळ्यावर टाकलीत. आता मी तुमची वाट पाहत थांबणार नाही. फाल्गुन लागण्याआधी सियालदह स्टेशनवरून गाडी धरून मीच जाईन, सगळं डोळे भरून पाहीन, आणि आल्यावर तुम्हाला इथं लिहीन. तुम्ही मागून या. वळून हाका मी मारीन.

तुमची,
सुमती

उद्या: एक तिकीट परत करणे.