नावेच्या टपाचा जोड

धरणाकाठचा तांडा, ता. उमरखेड
२६ ऑक्टोबर २००६

ति. धर्मपालमामांस,
प्रियंकाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले नाही म्हणून आई रुसली असेल. तिला सांगा, इथे एक नाव आजारी आहे.

संस्थेने मला या तांड्यावर अभ्यासवर्ग चालवायला ठेवलंय. आठवीची शाळा मात्र पाण्याच्या पल्याड. इथल्या सहा मुली पूनमसिंगदादांच्या जुन्या फायबरच्या नावेने जातात. नावेचा टप, म्हणजे वरचं छत, दोन तुकड्यांचा आहे. त्यांचा मधला जोड हातभर तडकलाय. वारा आला की टप फडफडतो. धरणावरच्या साहेबांनी ते पाहिलं आणि दुरुस्तीपर्यंत नाव बंद केली. सात तारखेला ते पुन्हा बघायला येणार. आठला शाळा उघडते.

यंदा कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाहीत, त्यामुळे घरोघरी वेचणीला लेकीच नेतात. सहापैकी एकीचे वडील, धरमसिंगभाऊ, यांनी मला तोंडावर सांगितलं, की आठला नाव निघाली तर पोरगी शाळेत, नाही तर कापसात. एकदा कापसात गेलेली मुलगी वर्गात परतलेली मी अजून पाहिली नाही.

तुम्ही वीस वर्षं कुलरच्या फायबर बॉड्या बनवता. मला शिकवा, मी करीन.

मामींना जयभीम. माया पातळ होऊ देऊ नये.
आपली,
प्रियंका

लोहारा, यवतमाळ
३० ऑक्टोबर २००६

चि. प्रियंकास अनेक आशीर्वाद.

तुझी आई रुसली नाही, तुझ्या वाट्याच्या करंज्या मीच खाल्ल्या. तुले बी.ए. केलं ते खुर्चीत बसाले, अन् तू टपावर चढून राह्यली. बरं.

ढाणकीच्या एसटीत कंडक्टरजवळ खोकं दिलं आहे. रेझिन, हार्डनर, काचेच्या धाग्यांची मॅट, थिनर, ब्रश. तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाड, म्हणजे तो पुढं पळत नाही. तड्यात आधी भरलेलं जुनं डांबर-लांबी खरवडून काढ. दोन्ही कडा उताराने घास. एका वेळी वाटीभरच रेझिन कालव, वीस मिनिटांत दगड होते. मॅटवर ब्रश ओढू नको, थोपट. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथंच पुन्हा फुटेल. नाकाला फडकं बांध.

पूनमसिंगला रामराम सांग.
तुझा मामा

तांडा
३ नोव्हेंबर २००६

ति. मामांस सप्रेम जयभीम.

मामा, सगळं वाया गेलं. परवा तीन थर दिले, काल सकाळी कड उचलून पाहिली तर अख्खा पट्टा पापडासारखा हातात आला.

खरं तेच लिहिते. घासून झाल्यावर पूनमसिंगदादांची आई, जमनी याडी, वाटी घेऊन आली. ही नाव म्हणजे त्यांची लक्ष्मी. नावेच्या अंगाला हत्यार लागलं म्हणून याडीने तड्यात बोटाने तेल-हळद भरली. मला ते खटकलं होतं. पण आपल्या घरी पूजाअर्चा नाही. मी अडवलं तर याडीला वाटेल, ही आपल्या देवाला नावं ठेवते. म्हणून गप्प बसले आणि वरवर पुसून मॅट लावली.

निम्मी मॅट उरली आहे. दिवस चार. हे पत्र एसटीनेच पाठवते, उत्तरही तसंच द्या.
आपली,
प्रियंका

लोहारा
४ नोव्हेंबर २००६

चि. प्रियंकास आशीर्वाद.

तेलावर रेझिन धरत नाही हे आमच्या कारखान्यातलं झाडणारं माणूसही सांगते. तू काहून गप्प बसली? त्या म्हातारीचा मान राखला म्हणतेस, पण तिला कळूच दिलं नाही, हा कुठला मान?

आता ऐक. कढत पाणी अन् धुण्याचा सोडा, तीनदा. मग पॉलिश पेपर, मग थिनर, दरवेळी नवं फडकं. शेवटी पाणी शिंपड. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे. पाणी सपाट पसरलं तरच, वाळवून, पुढं जा. मॅट पाठवली आहे. आधी म्हातारीशी बोल, मग हात लाव.
मामा

तांडा
८ नोव्हेंबर २००६

ति. मामांस सप्रेम जयभीम. वि. वि.

याडीशी बोलले. ती रागावली, पण तेलासाठी नाही. म्हणाली, तेव्हाच बोलली असतीस तर तेल भाकरीला तरी लागलं असतं. शिकलेल्या पोरीची जीभ घरी राहिली का, असंही विचारलं. मग पदर खोचून तीच सोडा घासायला बसली. पाचव्या धुण्याला पाणी सपाट पसरलं.

काल साहेबांनी टपावर गुडघा टेकून जोर दिला. जोड हलला नाही. त्यांनी कागदावर सही केली.

आज सकाळी पाच मुली आल्या. धरमसिंगभाऊंची आली नाही. ती पहाटेच शेतात गेली होती. त्यांचं शेत पाण्याला लागून आहे. मी दादांना नाव तिकडून घ्यायला सांगितली. काठाला उभं राहून मी हाका मारल्या, पाचही जणींनी मारल्या. ती धावत आली, कमरेला कापसाने भरलेली ओटी तशीच. मागून धरमसिंगभाऊ. मला वाटलं, आता भांडण होणार. मी म्हटलं, आज आठ तारीख आहे, नाव निघाली आहे. ते टपाकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीच्या कमरेची ओटी सोडली, स्वतःच्या कमरेला बांधली आणि कापूस वेचायला पराटीत शिरले.

पल्याडच्या काठावरून हे लिहिते आहे. रागावलात तसंच पुढेही रागावत जावं.
आपली,
प्रियंका