तिसऱ्या रांगेकडे तोंड करून

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी बास्केटबॉलचा प्रशिक्षक आणि आता पेन्शनर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. रक्तदाबाचा दाखला त्यांनी दिला नाही आणि मीही मागितला नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या ट्रॉफ्या कोणत्या कपाटात कोणत्या क्रमाने लावाव्यात एवढाच विषय होता. ते रद्द समजावे, आणि चुकून सापडल्यास कुणी वाचू नये.

कलम एक. राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, गच्चीचा अर्धा हक्क आणि जिन्याखालची अडगळीची खोली, माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या एकटीच्या मालकीचे राहील. तिच्या पश्चात ते आमच्या मुलीला मिळावे. मुलगी विमा कंपनीत आहे आणि बास्केटबॉलचा तिला लहानपणापासून तिटकारा आहे, तो माझ्यामुळेच. तिला घर विकावेसे वाटले तर तिने खुशाल विकावे. बाबांची आठवण म्हणून गळका नळ जपत बसू नये.

कलम दोन. बँकेतील शिल्लक व पेन्शनची बाकी पत्नीची. ती किती आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम तीन. जिन्याखालच्या खोलीत एक निळी प्लास्टिकची बादली आहे. ती मी जिथे शिकवत असे त्या क्लबच्या माजी खजिनदारांना पोचती करावी. क्लबच्या हॉलचे छत फ्री थ्रोच्या रेषेवर गळत असे आणि ही बादली कित्येक हंगाम तिथे ठेवलेली होती. माझी मुले तिला वळसा घालून सराव करत. ‘पुढच्या वर्षी बघू’ असे खजिनदार दर वर्षी म्हणत. बादली त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांना सतत दिसेल अशी ठेवावी ही माझी इच्छा आहे. कायद्याने तसे बंधन घालता येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात.

कलम चार. माझा तपकिरी कोट शिडीला द्यावा. शिडी म्हणजे माझ्या दुसऱ्या विजेत्या संघातला सगळ्यात उंच गडी. दारातून वाकून येतो म्हणून हे नाव पडले आणि आता त्याच्या बायकोच्या तोंडीही तेच बसले आहे. त्याने हा कोट माझ्याकडे अनेकदा मागितला आणि मी ते हसण्यावारी नेले. खेळणे संपल्यावर तो एका कॉलेजच्या संघाचा कोच झाला, तेव्हा त्याने शिंप्याकडून हुबेहूब असाच कोट शिवून घेतला, कोपरावरच्या ठिगळासकट. माझ्या कोपरावर ठिगळ होते कारण तिथे कोट फाटला होता. शिडीची ती नोकरी लवकरच गेली. आता तो गीझर विकतो आणि चांगले विकतो. कोट द्यायचा तो एका अटीवर: त्याने तो थंडीत घालावा, सामन्याला नाही.

कलम पाच. आता जे लिहायचे ते लिहितो. मृत्युपत्रात हे लागत नाही असे वकीलसाहेबांनी दोनदा सांगून पाहिले. मी म्हटले, फी घेताय ना, मग लिहून घ्या.

मी ज्या गोष्टीसाठी ओळखला जातो ती अशी. सामन्याची शेवटची दोन मिनिटे उरली की मी मैदानाकडे पाठ करून उभा राहत असे. हात मागे बांधून, तोंड प्रेक्षकांकडे. संघ माझ्या पाठीमागे खेळायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. मध्येच मी हात वर करून टाइमआऊट मागायचो, किंवा मागे न बघता एखाद्याचा नंबर पुकारून त्याला बाहेर काढायचो, आणि तो निर्णय हमखास बरोबर निघायचा. लोक म्हणत, सरांना चेंडूच्या आवाजावरून सगळे कळते. कोण दमला आहे ते त्यांना बुटांच्या करकरीवरून समजते. एका शाळेच्या मासिकात यावर निबंध आला होता. मी या गोष्टीला कधी हो म्हटले नाही आणि नाही तर मुळीच म्हटले नाही.

कलम सहा. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी अकरा जण पुढे कोच झाले. कुणी शाळेत, कुणी कॉलेजात, कुणी कारखान्याच्या संघात. अकराही जणांनी शेवटच्या दोन मिनिटांत मैदानाकडे पाठ केली आणि अकराही जणांच्या नोकऱ्या गेल्या. गेल्या वर्षी एका बातमीदार बाईंच्या हे लक्षात आले. त्या घरी आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि सरळ विचारले की एवढ्या मोठ्या कोचच्या हाताखालून एकही चांगला कोच का तयार झाला नाही.

खरे उत्तर तेव्हा स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. मी मात्र पाय पसरून सांगितले, “खेळ शिकवता येतो हो. नजर शिकवता येत नाही. ती मुळात असावी लागते.” हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून आले. त्याखाली अकरा जणांची यादी होती, प्रत्येकाच्या नोकरीचा शेवट कसा झाला त्यासह. तो अंक मी शेजाऱ्यांना वाचायला दिला. सामन्याच्या ऐन वेळी ज्याने कधी मैदानाकडे बघितलेच नाही, त्याने नजरेवर व्याख्यान दिले. आज हे लिहिताना मला माझी शरम वाटते, आणि तेव्हा वाटली नाही याची जास्त वाटते.

कलम सात. लेख छापून आला त्याच आठवड्यात डावखुरा भेटायला आला. माझ्या शिष्यांत हा सगळ्यात गुणी. डाव्या हाताने चेंडू बास्केटमध्ये असा टाकायचा की पंचसुद्धा क्षणभर शिट्टी वाजवायची विसरत. पुढे तो एका कारखान्याच्या मुलींच्या संघाचा कोच झाला. अंतिम सामन्यात त्याने माझ्यासारखी पाठ फिरवली. त्याच्या मागे त्याच्या कर्णधार मुलीचा गुडघा मुरगळला, तरी ती लंगडत खेळत राहिली. प्रेक्षक ओरडून सांगत होते. त्याला वाटले, पोरी जिंकत आहेत म्हणून आरडाओरडा चालला आहे. वळून बघितले तेव्हा ती खाली पडलेली होती. सामना गेला, त्याची नोकरी गेली आणि ती मुलगी पुन्हा खेळली नाही.

तर हा डावखुरा पिशवीभर संत्री घेऊन आला. मला वाटले भांडायला आला असेल, आणि भांडला असता तर बरे झाले असते. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “सर, माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला. माफी मागायला आलोय.”

तो पुढे म्हणाला, “मी कान लावून ऐकत होतो, सर. अगदी जीव कानात आणून. मला काहीच ऐकू आलं नाही. तुमच्यासारखा कान नाही माझा.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी काय म्हणालो ते लिहिणे मला जड जाते, पण लिहितो. मी म्हणालो, “असू दे रे. सगळ्यांनाच जमत नाही.” तो माझ्या पाया पडून गेला. पत्नीने संत्री फ्रीजमध्ये ठेवली, रात्रीचे जेवण वाढले आणि नंतर दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

कलम आठ. माझ्या पाठ फिरवण्यात शिष्यांवरचा विश्वास नव्हता आणि कानाची करामत तर नव्हतीच. मला बघवत नसे. पहिल्या अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे होतो, तेव्हा माझ्या पोटात ढवळून आले. ओकारी आलीच तर निदान मैदानावर नको, म्हणून मी वळलो. समोर तिसऱ्या रांगेत पत्नी बसली होती. सगळा सामना तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि तो बघणे मला सोसत होते. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिले की असा धीराचा कोच झाला नाही.

पुढच्या हंगामाआधी आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून खुणा ठरवल्या. पर्स मांडीवर असली म्हणजे सगळे ठीक. पर्स खाली ठेवली म्हणजे टाइमआऊट घ्या. चष्मा काढला म्हणजे माणूस बदला. कोणता, ते ती गालावर बोटे टेकवून दाखवायची. खेळ ती माझ्याबरोबर राहून शिकली असे मी समजत होतो. प्रत्यक्षात ती माझ्यापेक्षा चांगली शिकली होती, कारण तिला भीती वाटत नव्हती. शेवटच्या दोन मिनिटांपुरती त्या संघाची कोच ती होती. एवढे असून मी तिला कधी फुकट पास मिळवून दिला नाही. ती रांगेत उभी राहून तिकीट काढायची, आणि मी सत्काराच्या भाषणात ‘घरच्यांचा पाठिंबा’ एवढे दोन शब्द म्हणायचो.

शिष्य बाकावरून माझ्याकडे बघत शिकले. पाठ कशी फिरवायची, हात कसे बांधायचे, मान किती ताठ ठेवायची, हे सगळे त्यांनी नीट उचलले. फक्त त्यांच्यासमोर तिसऱ्या रांगेत कुणी बसलेले नव्हते.

म्हणून लिहून ठेवतो की माझ्या शिष्यांतून चांगले कोच झाले नाहीत याचे कारण त्यांच्यात शोधू नये. ते भित्रे नव्हते. भित्रा मी होतो, आणि माझे भित्रेपण त्यांनी विद्या समजून घेतले. सर्व ट्रॉफ्या पत्नीच्या नावे करतो. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, इतकी वर्षं मीच पुसतेय, नावावर करून काय वेगळं होणार. तरीही करतो.

हे कलम माझ्या पश्चात वकीलसाहेबांनी सर्व शिष्यांना क्लबच्या हॉलमध्ये बोलावून मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम नऊ. हे कलम आज, सह्यांच्या वेळी, हाताने वाढवले आहे. साक्षीदार, म्हणजे घरचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरचे सलूनवाले, येऊन बसले होते आणि चहा झाला होता. पत्नीने वाचायला मागितले म्हणून कागद तिला दिले. तिने फ्रीजला टेकून, उभ्याउभ्या, शेवटपर्यंत वाचले. मला वाटले डोळे पुसेल. तिने चष्मा काढला आणि विचारले, “हे वाचतील तेव्हा तुम्ही कुठे असणार?”

मी म्हटले, पश्चात म्हणजे पश्चात. मी कुठे असणार.

“म्हणजे परत पाठच की,” ती म्हणाली.

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. सलूनवाल्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. वकीलसाहेब माझी बाजू घेत म्हणाले की कायद्याच्या दृष्टीने कलमात काही खोट नाही. पत्नी म्हणाली, कायद्याचं मी बोलतच नाहीये. आणि तिने कागद माझ्यासमोर ठेवले. तिने चष्मा काढला म्हणजे काय करायचे हे मला इतक्या वर्षांनी नव्याने सांगायची गरज नव्हती.

मी सगळ्यांच्या देखत डावखुऱ्याला फोन लावला. रविवारी सकाळी हॉलवर ये, म्हटले, आणि बाकीच्या दहा जणांना घेऊन ये. त्या कर्णधार मुलीलाही विचार, येते का. नाही म्हणाली तर मी तिच्या घरी जाईन. त्याने विचारले, “काही विशेष, सर?” मी म्हटले, “तुझा कान चांगला आहे. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. बाकीचं समोर बसून सांगतो.” मग तो म्हणाला, येतो.

सबब कलम आठच्या शेवटी वाचून दाखवण्याची जी सूचना आहे ती मी रद्द करतो. मी रविवारच्या आत मेलो तरच ती लागू राहील. मी जिवंत असून हॉलवर गेलो नाही, किंवा जाऊन दुसरेच काही बोलून परत आलो, तर वकीलसाहेबांनी कलम आठ त्याच दिवशी वाचावे आणि मी घाबरलो हेही सांगावे. त्यांनी ही जबाबदारी नाइलाजाने स्वीकारली आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून, लाजेसकट माझे मानून सही करतो.

सही: मृत्युपत्र करणार, ज्याला सगळे सर म्हणतात

यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
साक्षीदार एक: घरचे डॉक्टर. सही करताना यांचा हात स्थिर होता. नाडी मात्र जलद होती.
साक्षीदार दोन: कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक. मी फोन ऐकला आहे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: महिन्याचा दुसरा शुक्रवार, दुपार

खालील सही साक्षीदार म्हणून धरू नये, कारण सही करणारीला यातून मिळकत मिळते, असे वकीलसाहेबांचे म्हणणे आहे. तरी तिने ती केली आहे.

वाचले. रविवारी मी तिसऱ्या रांगेत बसेन. पर्स घरी ठेवून येणार आहे.
सही: पत्नी