बाकापर्यंतची वाट

५ ऑक्टोबर, रविवार

तळ्याची फेरी. हंगामातली पहिली. आम्ही सातजण — नेहमीचे सहा आणि एक नवा. नवा म्हणजे निवृत्त मोजणीदार. हयात जमिनी मोजण्यात गेली, आता डोंगर मोजायला निघालाय. टोळीतले सगळे लगेच 'मोजणीसाहेब' म्हणायला लागले. मला इतकी वर्षं 'बूटवाले'! या लोकांना डोंगर दाखवला कोणी? जिन्याखाली स्टूल टाकून टाचा ठोकणाऱ्या माणसानं. आज त्याच माणसाचं स्वतःचं, काचेच्या दाराचं दुकान आहे. पण साहेब कोण, तर तो.

मी नेहमीसारखा पुढे. पुढे चालणाऱ्याला मागचं सगळं ऐकू येतं, हे मागच्यांच्या कधी ध्यानात येत नाही. हिचं हसणं ऐकू आलं. दोनदा. माझ्या विनोदांवर ही हसते ते 'पुरे आता' असं हसते. हे तसलं नव्हतं.

पानं ऐन रंगात होती म्हणे. मी काही नीट पाहिली नाहीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हिनं चहा कपाच्या बाहेर ओतला. बशीत, टेबलावर, माझ्या वर्तमानपत्रावर. "लक्ष कुठंय?" म्हटलं. "इथंच." — इथं मुळीच नव्हतं!

१२ ऑक्टोबर, रविवार

जुनी सोंड. माझा आवडता चढ. सकाळची थंडी, वर पोचेपर्यंत अंगात ऊन मुरलेलं, पायाखाली पानांचा कुरकुरीत गालिचा. एरवी या दिवसाची मी वर्षभर वाट बघतो. आज कधी एकदा संपतो असं झालं.

उतरताना ही मोजणीसाहेबाचा कोपर धरून उतरली. अख्खी सोंड! मी वळून हात पुढे केला तर म्हणते, "अहो, तुम्ही व्हा पुढे, वाट दाखवा." वाट दाखवायला मी, आणि कोपराला तो. माझ्या कोपराला काय काटे आहेत?

वर डबे उघडले तेव्हा साहेब शिखरांच्या उंच्या सांगत होते. तोंडपाठ. ही मान तिरकी करून ऐकतेय. मी हिला ती शिखरं शंभरदा दाखवली असतील. उंची सांगितली नाही एवढंच.

आमच्या टोळीतला पोस्टमन माझ्याकडे बघून म्हणतो, "बूटवाले, तोंड असं का झालंय? बूट चावतोय की काय?"

"मी शिवलेला बूट मलाच चावेल होय रे?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्याइतकं मोठ्यानं कोणी हसलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ही सकाळीच बहिणीकडे गेली. संध्याकाळी आली ती गाल लाल करून. "वारा होता."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हिच्या बुटांना नव्या लेस घालायला म्हणून जोडी दुकानात नेली. सहज उलटी केली — तळाच्या खाचांत तांबडी माती. ओली!

लोक माणसाचा चेहरा वाचतात, मी तळ वाचतो. कोण टाच घासत चालतो, कोणाचा भार उजवीकडे, कोण काल कुठं गेला होता — सगळं. या भागात तांबडी माती एकाच वाटेवर लागते. ओढा ओलांडायचा, विटांच्या जुन्या खाणीतून वर चढायचं, की बाक. ती आमची वाट आहे. टोळीला मी तिकडे कधी नेलं नाही. लग्न झालं त्या वर्षी पानगळीत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हापासून दरवर्षी नोव्हेंबरचा दुसरा रविवार, फक्त दोघं. बाकावर बसायचं, दरी बघायची, फारसं बोलायचं नाही, उतरायचं.

बहिणीच्या घरापर्यंत फरसबंद रस्ता आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मेहुणी दुकानात आली. पर्सचा बंद तुटलेला. टाके घालता घालता मी अगदी सहज, "बुधवारी मजा झाली म्हणे तुमची?"

"कसली मजा, भावोजी? ताईनं महिनाभर तोंड दाखवलं नाही. सांगा तिला, बहीण जिवंत आहे म्हणावं."

सांगतो म्हटलं. आरी बोटात घुसली. रक्त आलं तरी मेहुणीशी हसून बोलत राहिलो. गिऱ्हाइकापुढे हसायची सवय, दुसरं काय.

घरी सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो स्वतः दुकानात! बूट घेऊन. "तळ बदलून द्याल का? तुमच्या हाताची फार तारीफ ऐकलीय, वहिनींकडून."

वहिनींकडून.

तो गेल्यावर बूट उलटे केले. तांबडी माती. लेस घालायची राहिलेली हिची जोडी आणि त्याची जोडी शेजारी शेजारी मांडून बघत बसलो. माझ्याच दुकानात, माझ्याच फळीवर, दोन्ही जोड्या एकाच वाटेहून आलेल्या! हिचे बूट मीच शिवले होते, चाळिशीच्या वाढदिवसाला.

मनात आलं, एक टाका ढिला सोडावा. भर उतारावर तळ उघडेल. मरणार नाही, पण सगळ्यांसमोर बसकण मारेल. सुई हातात धरून बराच वेळ बसलो. शेवटी शिवले. नीट शिवले. दुहेरी दोऱ्यानं. त्याच्यासाठी नाही — माझ्या हाताला खोटं काम येतच नाही. चीड आली हाताची.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा "बहिणीकडे".

२६ ऑक्टोबर, रविवार

पाय मुरगळला असं सांगून फेरीला गेलो नाही. एवढ्या वर्षांत पहिली थाप. "मग मीही राहते," ही म्हणाली. "जा की," म्हटलं. गेली!

खुंटीवर हिचं रोजचं जाकीट. खिसा तपासला. लाज वाटली, पण तपासला. घडी घातलेला कागद. हिचंच अक्षर, पण केवढं मोठं, बालवाडीतल्या पाटीसारखं. 'ओढा ६४. डावीकडे. खाण — सरळ १२०. पायऱ्या ३८. बाक डाव्या हाताला.'

भेटायच्या जागेचा पत्ता! त्यानं मोजून दिला असणार, हिनं उतरवून घेतला. चोवीस वर्षं मी हिला घेऊन जातोय त्या बाकाचा पत्ता हिला दुसऱ्यानं द्यावा?

कागद होता तसा ठेवला. घडीसकट.

२ नोव्हेंबर, रविवार

जेवताना म्हटलं, "पुढच्या रविवारी बाक."

हिचा घास थांबला. "यंदा राहू दे ना. तुमचा पाय..."

"पाय बरा आहे."

"वाट फार खराब झालीय हो."

"तुला काय माहीत?"

ही भात कालवत राहिली. विचारायचं ते सगळं तोंडात आलं होतं. विचारलं आणि हिनं हो म्हटलं तर? त्यापेक्षा पाण्याचा ग्लास उचलला.

भांडी आवरून झाल्यावर स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं, जाऊ. पण मी पुढे चालणार."

इतक्या वर्षांत कधी पुढे चालली नाही. बाकावर पोचल्यावर स्पष्ट विचारायचं. तिथंच विचारायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबाला भर बाजारात पाहिलं. मला बघून हात केला. मी चपलांच्या ढिगात डोकं घातलं. चांभार चपला निरखणारच, कोणाला काय संशय!

९ नोव्हेंबर, रविवार

ही पुढे, मी मागे. ओढ्यापासून काहीतरी पुटपुटत होती. कान दिला. "...बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट." आणि डावीकडे वळली. वळणावर वाऱ्यानं पडलेली फांदी होती, मांडीएवढी जाड, वाटेच्या कडेला. मी ओरडेपर्यंत ही तिच्यावर आदळली.

बाकावर बसून हिनं बूट काढले. मी हातात घेतले. महिनाभर तळ वाचत बसलो होतो. आज टोक पाहिलं. कातडं दगडांवर आपटून आपटून सोललेलं. दोन्ही पायांचं.

"कडेकडेचं दिसायचं सगळं गेलंय," ही म्हणाली. "समोरचं थोडं आहे, नळीतून बघावं तसं. दोन वर्षं म्हणतात डॉक्टर, फार तर तीन."

"आणि त्याला आधी सांगितलंस?"

"त्यांनीच ओळखलं, पहिल्याच दिवशी. त्यांच्या बायकोचे डोळे असेच गेले. तिला त्यांनी घराभोवतीच्या वाटा मोजून दिल्या होत्या, शेवटपर्यंत एकटी हिंडायची. तुम्हाला सांगितलं असतं तर मला घरी बसवून ठेवलं असतंत. मला ही एक वाट पाठ हवी होती. तुमच्या मागून येण्यासाठी नाही, बरोबर येण्यासाठी."

विचारायचं ते राहिलं. दरी पिवळी धमक होती. ही म्हणाली, कसे आहेत रंग, सांगा. सांगितले, जमले तसे.

उतरताना हिनं विचारलं, "काय पुटपुटताय?"

"काही नाही."

एकतीस झाल्या होत्या. अजून सात पायऱ्या.