नळीतून ऐकलेलं

शुक्रवार, १२ जानेवारी १९७३
आमचे मालक चालायला जायचं म्हणतात! खर्ड्याच्या दवाखान्याला काळजाचं मशीन आणायचंय. माणसं दोन कोस चालणार, पेठेतले दुकानदार त्याबद्दल वर्गणी देणार. श्रावणात छातीत कळ आली तेव्हापासून मी यांना खाटेवरून हलू दिलेलं नाही. काळीज म्हणजे कंदिलातलं रॉकेल, जळेल तेवढं लवकर संपणार. म्हणून तर रोज वाटीभर तूप घालते.

शेजारची सरवरी म्हणते, "जाऊ द्या की आक्का. पडून पडून भाऊंचं लोणचं झालंय."
म्हटलं, "तुझा न्हवरा पाठव."
"त्यो कवाच नाव देऊन आलाय."

बुधवार, १७ जानेवारी
खाटेचं सुंभ सोडून टाकलं यांनी. म्हणाले, "आता निजवून दाखव."

रविवार, २१ जानेवारी
मीही मागून गेले, हे पडले तर उचलायला. आधी विहिरीवरून दोन हंडे आणले. पाणी इतकं खाली गेलंय की दोर पुरत नाही, ओणवं होऊन ओढावं लागतं.

किल्ल्यापाशी डॉक्टरीणबाई प्रत्येकाच्या छातीला नळी लावत होती. तरणी पोर. यांना म्हणाली, "बाबा, सावकाश चाला, पण रोज चाला. तूप मात्र बंद."
मी म्हटलं, "तुमच्या नळीला काय कळतंय?"
रागावली नाही. नळीची टोकं माझ्याच कानांत घातली.

यांच्या छातीत कोणीतरी चालत होतं. दमानं, एकसारखं. नातवंडं झाली तरी कधी ऐकलं नव्हतं. मी निजवून ठेवलं तरी ते आपलं चालतच होतं — कोणी चावी देत नाही, कोणी हाकत नाही.

म्हटलं, आता माझं ऐकू द्या. माझं दोन पावलं टाकतं, थांबतं, मग पळत सुटतं. मला वाटलं बायकांचं असंच असेल. बाईनं नळी माझ्या कानांतून काढून स्वतः ऐकलं.
"आजी, पाणी आणताना धाप लागते?"
"लागती की. समद्याच बायांना लागती."
मला टेम्पोत बसवलं. हे पुढे चालत गेले. सारखे मागे वळून बघत होते.

सोमवार, २२ जानेवारी
मला नगरला तपासायला जायचंय. तोवर हंडा उचलायचा नाही म्हणे. मग पाणी काय ती नळी आणणार?

मंगळवार, २३ जानेवारी
उजाडलं तर हंडा जागेवर नाही. मी दारात आले. बायकांच्या रांगेतून मालक येत होते, सावकाश, अर्धा हंडा खांद्यावर. विहिरीच्या दोराला जोड दिलीय — आमच्या खाटेचं सुंभ.