भाऊबीजेचा डेक अन् सासूबाईचं सारवण

मोहर्ली,
नवरात्राच्या तोंडावर

तीर्थस्वरूप भैयाजीभाऊले,

मोहर्लीहून तुया लहान बहिणीचा, रंजीताचा, वाकून नमस्कार. इथी सारे खुशाल हाय, कुरखेड्याले तुमीबी असान. धान निसवला काय? चंदावहिनीचा गुडघा कसा हाय? तिले म्हणा, मोहाच्या बियाचं तेल कोमट करून चोळत जा, मलम लावून काई होत नाई. तू माया फोन उचलत नाई म्हून हे पत्र आमच्या शेजारच्या जंगूच्या हाती देऊन राह्यली. तो तिकडं गाडी घेऊन चालला. तू पुरं वाचेपर्यंत तो दारातून हालणार नाई, तसं बजावलं हाय. त्याले चहा पाज.

भाऊ, अशी गोष्ट झाली का मले रातभर झोप नाई आली, इतका आनंद झाला. पण सुरुवातीपासून सांगते, नाई त तू अर्ध्यावरच रागावशीन. मागच्या भाऊबीजेले तू मले साडी नाई देली, होमस्टेच्या मागं नाल्याच्या बाजूनं लाकडी डेक बांधून देला. बांधावरचं ऐनाचं झाड तोडून, स्वताच्या हातानं. (ऐन ओला होता हे खरं. पण ओवाळणीचं लाकूड सुकाची वाट कोण पाहाते?) पाहुणे सकाळी तिथी चहा पेत, मोर पाहात. उन्हाळ्यात लाकूड तडकलं अन् त्याच्या कुसा निघाल्या. आता सासूबाईचा कायदा तुले ठाऊक हाय, कलेक्टर आला तरी पायरीपाशी चप्पल काढाले लावते. त पाहुणे अनवाणी, अन् खाली कुसा. अर्धा सीझन मी हळद अन् सुई घेऊन लोकाच्या टाचा धरून बसली.

अन् मंग भर जेवणात आमचे हे जे बोलले, का “साळ्यानं डेक नाई, सायाळीची पाठ बांधून देली,” ते मलेबी झोंबलं. तू पाटावरून उठून गेला तो गेलाच. माया माहेरचं या घरात एवढंच हाय, भाऊ. तो डेक अन् तू. त्या दिवशी दोन्ही चालले असं वाटलं.

आता झालं असं का नागपूरच्या एका बुकिंगवाल्या कंपनीची मॅडम, साक्षी नाव तिचं, जंगलाचं गेट खुलाच्या आधी आमचं घर पाहाले येणार होती. तिनं पास केलं त सीझनभर पाहुणे तीच पाठवणार, अन् ह्याइले राजुऱ्याच्या खाणीवर ठेकेदाराकडं परत जा लागणार नाई. ह्याइनं फर्मान काढलं, डेक उखडून टाइल्स लावतो. टाइल्सचे डबे अंगणात येऊनबी पडले. म्या म्हटलं, डेक गेला त मीबी कुरखेड्याले चालली. मंग ठरलं, मॅडमनं नावं ठेवली त दुसऱ्याच दिवशी टाइल्स. तोवर हे दुरुस्ती करतीन. कशाची दुरुस्ती भाऊ? पॉलिशपेपर घासला, पेपर फाटला. ग्राइंडर आणला, त्याच्यानं एका पाटीले खड्डा पडला. शेवटी चंद्रपूरहून चकचकीत तयार पाट्या आणून एक कोपरा बदलला अन् दिवसभर त्या कोपऱ्यातच उभे राह्यले.

मॅडम येणार त्या दिवशी मी पहाटे कोंबडी आणाले गेली. ऊन चढल्यावर वापस येऊन पाहाते त काय, सासूबाईनं पुरा डेक शेणानं सारवून टाकला होता. कडेनं पांढऱ्या मातीचा पट्टा, पायरीपाशी रांगोळी. तिले तुमचं डेक-फेक माहीत नाई, तिच्यासाठी तो ओटा. अन् पाहुणी येणार अन् ओटा कोरा? मी रडाच्या बेतात होती, हे डोकं धरून बसले, तेवढ्यात दारात जीप.

मॅडमनं बूट काढले. मी तिच्या तोंडाकडं नाई, टाचेकडं पाहून राह्यली होती. ती पुरा डेक चालली, खाली बसली, हात फिरवला, अन् विचारते, ये कौनसी फिनिश है? आमचे हे म्हणते, आयुर्वेदिक. सासूबाई आतून म्हणते, शेन हाय, बाई. मॅडम इतकी खूष झाली का लोळाचीच बाकी राह्यली होती. एक कूस नाई टोचली भाऊ. सारं शेणाखाली दबून गेलं. फक्त ह्याइच्या चकचकीत कोपऱ्यात शेण पापडासारखं निघालं अन् तिचा पाय घसरला. म्हणते, बाकी सारं पास, हा कोपरा तेवढा त्या जुन्या लाकडासारखा करून घ्या. ह्याइचं तोंड तू पाहाले पायजे होतं. म्या पोटभर पाहून घेतलं.

थोरल्यांना नमस्कार, लेकरांना गोड पापा. पत्र वाचून फाडू नको, वहिनीलेबी वाचून दाखव.

तुयी,
रंजीता

ता.क. तो कोपरा तुलेच करा लागते. भाऊबीजेची वाट पाहू नको, जंगूच्याच गाडीत बस.

ता.क. दुसरा. रंधा घरीच ठेव. गुळगुळीत लाकडावर शेण टिकत नाई हे आता साऱ्या मोहर्लीले माहीत हाय. ऐन ओलाच आण, अन् काम मागच्यासारखंच कर, तिळभर चांगलं नको.

ता.क. तिसरा. हे स्वता फोन कराले लाजून राह्यले. पण सकाळपासून दोनदा विचारलं, भैयाजीले कोंबडी आवडते का मासोळी.

ता.क. शेवटचा. सासूबाई म्हणते, भैयाजीनं सारवासाठीच लाकूड मुद्दाम खरबरीत ठेवलं, शहाणा माणूस, माया सुनेलेच कळलं नाई. म्या म्हटलं, हो, चूक मायीच. आता तूबी तेच सांग. अन् सांगतानी मायाकडं पाहू नको, मले हसू येईन.