यादीचा पाचवा रकाना

अजमान,
बुधवार, दुपार

ती. लतिकावन्सं,

गेल्या गुरुवारी कणीक मळून झाली होती, दियाची बस गेली होती, कपडे मशीनमध्ये फिरत होते आणि मी एका हातात चहा नि एका हातात फडकं घेऊन तुमच्या भावाच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. माऊस पुसावा म्हणून जरा हलवला, तर पडद्यावरचा बाण चालत चालत उजव्या कडेला गेला आणि तिथून पलीकडे उतरून नाहीसा झाला. मी पडद्याच्या मागे वाकून पाहिलं. (हसू नका. समाधानचा दोन महिन्यांपूर्वी हरवलेला मोजा सापडला, बाण नाही सापडला.)

पण हे काय, नमस्कारही न करता मी घरात शिरले. तर साष्टांग नमस्कार. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आता कसं दिसतं? तुम्हाला ताण नको म्हणून अक्षर मोठं काढते आहे, त्यामुळे पानं जास्त होतील, तेवढं सोसा. आम्ही सगळे बरे आहोत. समाधान कामात, तनया कामात, दिया आठवीत आणि फोनमध्ये. माझा गुडघा जिन्याला नाही म्हणतो, लिफ्टला हो म्हणतो. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. सकाळी चहाचं आधण ठेवताना अजून दोन कप पाणी घेते, मग एक कप परत ओतते. त्याचं आता काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण रोज तेवढंच वाटतं.

ह्यांच्या पुस्तकांबद्दल तुम्ही ऐकून आहात. इथून एखादं कुटुंब कायमचं परत निघालं की घर रिकामं करायची घाई होते. कुकर एकाला, तुळशीची कुंडी दुसऱ्याला, आणि मराठी पुस्तकं कुणालाच नको असतात म्हणून ती आमच्या ह्यांना. अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळणारा माणूस, संध्याकाळी जेवणाच्या पिशवीतून डब्याखाली दोन पुस्तकं घेऊन यायचा. सव्वीस वर्षांत चारशे सात झाली. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहेच (लग्न ठरवताना तुम्हीच हळू आवाजात विचारलं होतंत). इथे आल्यावर दिवसभर एकटी घरात बसून मी आधी लहान मुलांची पुस्तकं, मग त्याहून मोठी, असं करत वाचायला लागले. जोडाक्षरं अडली की ह्यांची वाट पाहायची. पुस्तक हातात देताना हे सांगायचे, “घे, शेवट चांगला आहे.” मी मधेच विचारलं, “अहो, ह्या बाईचं पुढे काय होतं?” तर म्हणायचे, “सांगितलं तर मजा जाईल.” केवढा संयम, असं मला वाटायचं. सव्वीस वर्षं मी ह्यांच्या मागून एकेक पुस्तक चालत आले, अशी माझी समजूत.

आता पुस्तकांची खोली दियाला अभ्यासाला हवी आहे. मुलगी जेवणाच्या टेबलावर भूमिती करते आणि तिच्या वर्तुळांना आमटी लागते, तेव्हा नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? समाधानने परस्पर ठरवून टाकलं. “आई, दुबईत ऊद मेथाला मराठी वाचनालय आहे, ते सगळी घेतायत. शनिवारी व्हॅन येते. खलास.” मी बरं म्हणाले. पण पुस्तकांबरोबर हे दुसऱ्यांदा घरातून निघाले, असं मला वाटत राहिलं आणि ते कुणाला सांगावं कळेना. वाचनालयाच्या प्रज्ञाबाई मोठ्या नीटनेटक्या. त्यांनी आधी यादी मागितली, तीही त्यांच्याच तक्त्यात भरून.

यादी ह्यांच्या कॉम्प्युटरमध्ये. हा कॉम्प्युटर म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढा एक चपटा काळा डबा आहे. त्याला पडदा वेगळा, आणि तोही लहान. एका पडद्यावर यादी आणि तक्ता दोन्ही मांडलं की अक्षरं मुंगीएवढी. म्हणून दियाने तिचा जुना टॅबलेट आणून पडद्याशेजारी उभा केला (स्टँड पंधरा दिरहमचा, म्हणजे साडेतीनशे रुपये झाले, एक वाकवलेला पत्रा!) आणि काहीतरी जुळवलं. म्हणाली, “आजी, नाऊ इट्स वन बिग स्क्रीन. यादी इथे, फॉर्म तिथे. माऊस गोज अक्रॉस.” म्हणजे एक ओटा अपुरा पडला की शेजारी टेबल लावतो, तसं. हे मला लगेच समजलं. समजलं नाही ते एवढंच की टॅबलेट कुठल्या बाजूला आहे हे ती डब्याला सांगून गेली होती. ती शाळेत गेल्यावर मी तो उचलून डावीकडे ठेवला, कारण उजवीकडे माझा चहा असतो. झालं. बाण उजवीकडून बाहेर पडायचा आणि डावीकडून घरात यायचा. तीन दिवस मी डावीकडे जायला उजवीकडे ढकलत होते आणि कॉम्प्युटर असेच चालतात असं समजून त्यात तरबेजही झाले होते. शिवाय टॅबलेटला बोट लावलं की तो ऐकतो, म्हणून मी पडद्यालाही बोट लावायची. तो ऐकत नव्हता. जोरात लावलं. तरी नाही. दिया संध्याकाळी म्हणाली, “आजी, देअर इज कणीक ऑन द मॉनिटर.”

रविवारी तक्ता भरून झाला. मी यादी आणि तक्ता दोन्ही माऊसने ओढून टॅबलेटवर नेले. माझ्या डोळ्यांनी पाहिले, टॅबलेटवर होते. मग डबा बंद केला, टॅबलेट उशीच्या अभ्र्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि कुणालाही न सांगता ऊद मेथाला निघाले. अजमानहून बस, मग मेट्रो, मग ऊन. प्रज्ञाबाईंनी पाणी दिलं, चष्मा लावला, आणखी दोन बायकांना बोलावलं. मी अभ्रा सोडला. टॅबलेटवर दियाच्या मांजरीचा फोटो, बाकी काही नाही. मी बोटाने इकडून तिकडे सरकवलं, मग सवयीने उलट बाजूनेही सरकवलं. एक गाडीचा खेळ सुरू झाला आणि मोठ्याने वाजायला लागला. वाचनालयात, वन्सं! तो बंद कसा करायचा हे तिघींपैकी एकीलाही येईना. शेवटी अभ्र्यात परत गुंडाळला, तरी आतून वाजतच होता. प्रज्ञाबाई म्हणाल्या, “वहिनी, यादी घरीच राहिली असेल.” मी म्हणाले, “अहो, मी ओढून आणली होती.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही वर्गात गृहपाठ गाईने खाल्ला म्हणणाऱ्याकडे पाहत असाल.

घरी येऊन दियाला विचारलं. ती आधी जमिनीवर बसून हसली, मग समजावलं. “आजी, टॅबलेट इज ओन्ली शोइंग. एव्हरीथिंग इज इन द बॉक्स.” सगळं डब्यात होतं, आणि डबा अजमानला होता. काही गेलं नव्हतं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, मला अख्खी यादी दाखव, कडेपासून कडेपर्यंत. तिने टॅबलेट उजवीकडे ठेवला (चहा हलवला), आणि यादी दोन्ही पडद्यांवर मिळून ताणली, सतरंजी पसरावी तशी.

मी आजवर चारच रकाने पाहिले होते: क्रमांक, पुस्तक, कुणी दिलं, तारीख. त्या लहान पडद्यावर तेवढेच मावायचे. आता टॅबलेटवर पाचवा आला. वर लिहिलं होतं, शेरा.

दियाने विचारलं, “व्हॉट डज शेरा मीन?” मी वाचायला लागले होते. क्रमांक नऊ: ‘देणाऱ्या बाई म्हणाल्या शेवट चांगला. सुजाताला तसंच सांगितलं.’ क्रमांक अठ्ठावन्न: ‘पान सात. झोप.’ क्रमांक एकशे बारा: ‘जाड आहे. सुजाता चार दिवसांत संपवेल.’ आणि त्याखाली, ‘तीन.’ क्रमांक एकशे चाळीस: ‘सुजाता म्हणते नायक बिनडोक. मीही हो म्हटलं.’ क्रमांक दोनशे तीन: ‘पान एकतीस! आजवर सर्वांत लांब.’ क्रमांक तीनशे एकसष्ट: ‘हिने जेवताना सगळी गोष्ट सांगितली. वाचायची गरज उरली नाही. फार छान होतं.’

चारशे सात पुस्तकं, वन्सं, आणि तुमच्या भावाने एकही वाचलं नव्हतं. संयम कसला, त्या बाईचं पुढे काय होतं हे ह्यांना माहीतच नव्हतं! मी हसले, इतकी हसले की तनया स्वयंपाकघरातून आली. मग रडलेही. तनयाने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ बसली. दिया म्हणाली, “सो आजोबा वॉज फेकिंग इट?” मी म्हटलं, नाही गं, ते आणत होते आणि मी वाचत होते. पुस्तकं ह्यांची नव्हतीच. माझी होती, आणि मी ती ह्यांची म्हणून देऊन टाकायला निघाले होते.

समाधानला सांगितलं की शनिवारची व्हॅन नको, यादी अपुरी आहे. “पण आई, तू तर पूर्ण केली होतीस! किती दिवस?” इन्शाल्ला महिनाभर, म्हटलं. प्रज्ञाबाईंनाही फोनवर तेच कळवलं. दोघांनी एकाच सुरात कॉम्प्युटरला नावं ठेवली आणि मी त्यांना ठेवू दिली.

आता हात दुखला. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची,
सुजाता

ता. क. एक मागणं आहे, त्यासाठीच खरं म्हणजे हे पत्र. तुमच्या कोरेगावच्या शाळेत ह्यांच्या नावाने सर्वांत जास्त वाचणाऱ्या मुलाला बक्षीस ठेवताय, असं समाधानकडून कळलं. ते तसं नको. जे मूल दुसऱ्या कुणासाठी पुस्तक घेऊन येईल, त्याला द्या. कारण विचारलं तर शाळेतल्या आत्ताच्या बाईंना सांगू नका, तुम्ही मुख्याध्यापिका होतात, तुमचा शब्द चालेल.

ता. क. दुसरा. तुम्हाला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, खरं ना? तुमच्याच वर्गात होते ते तिसरीत. लग्नाआधी माझी चौथी विचारलीत, तेव्हा हेही सांगायचं होतंत!

ता. क. तिसरा. यादीत काय अपुरं होतं ते लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दियाची बस गेल्यावर मी डबा सुरू केला, टॅबलेट लावला, शेऱ्यापुढे सहावा रकाना वाढवला आणि पुस्तक मला कसं वाटलं ते क्रमांक एकपासून एका बोटाने लिहायला बसले. दुपारपर्यंत अकरा झाली.